परक्या धक्क्यावर आपली अक्षरे



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांना मी या वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीवर बसलेले पाहिले आहे. नवा सभासद आला की नाव-पत्ता लिहून घेण्याआधी ते विचारायचे, "घरी कोणती भाषा बोलता?" तेव्हा गावात मागावर काम करायला आलेली तेलुगू कुटुंबे नुकतीच वसत होती. एक विणकर आपल्या मुलासाठी मराठी अंकलिपी मागायला आला. गुरुजींनी ती दिली आणि त्याच्या म्हाताऱ्या आईची चौकशी केली. आई दिवसभर एकटी बसते, कोणाशी बोलत नाही, असे त्याने सांगितले. पुढच्या महिन्यात गुरुजी सोलापूरला गेले आणि येताना पोतनाचे तेलुगू भागवत घेऊन आले. वाचनालयाच्या पैशाने नव्हे, स्वतःच्या. त्या पुस्तकाला नोंदवहीत क्रमांकही पडला नाही. ते त्या घरी गेले आणि तिथेच राहिले.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. त्या म्हातारीने पुस्तक उघडण्याआधी दोन्ही डोळ्यांना लावले, हे मला आजही दिसते. आजचा माझा विषय त्या हालचालीतून आला आहे. परमुलखात आलेल्या माणसाच्या हातात त्याच्या भाषेतला धर्मग्रंथ ठेवणे म्हणजे काय करणे, आणि ते कसे करावे, एवढेच मला आज बोलायचे आहे.

या गोष्टीचा एक फार मोठा प्रयोग न्यूयॉर्कच्या बंदरात झाला. 1 जानेवारी 1892 रोजी तिथे एलिस बेटावर स्थलांतरितांची तपासणी सुरू झाली आणि 1954 मध्ये ती बंद झाली. त्या काळात सुमारे 1 कोटी 20 लाख माणसे या बेटावरून अमेरिकेत शिरली. 1907 हे सर्वांत गर्दीचे वर्ष. त्या एका वर्षात दहा लाखांच्या वर माणसे आली. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी बोटीवरच उरके. तळाच्या डेकवरून आलेल्या गरिबांना मात्र लहान बोटींत भरून बेटावर नेत. कपड्याला क्रमांकाची चिठ्ठी टोचलेली, पाठीवर गाठोडे, कडेवर मूल. जिना चढून मोठ्या दालनात जायचे. जिना चढताना कोणाला धाप लागते, कोण लंगडते, यावर डॉक्टरांची नजर असे. संशय आला की अंगावरच्या कोटावर खडूने अक्षर काढत. हृदयासाठी एक अक्षर, पायासाठी दुसरे, डोळ्यासाठी तिसरे. खुपरीचा रोग आहे का हे पाहण्यासाठी डोळ्याची पापणी उलटी करत. तो रोग निघाला की माणसाची रवानगी परतीच्या बोटीवर.

त्या दालनात दुभाषे असत. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेलो ला ग्वार्डिया 1907 ते 1910 या काळात तिथे दुभाष्याचे काम करत आणि रात्री कायद्याचे शिक्षण घेत. पण दुभाष्याच्या तोंडून आपली भाषा येते ती प्रश्न होऊन. नाव काय, कोणाकडे चाललात, खिशात किती पैसे आहेत, तुरुंगात गेला होता का. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला त्या दिवशी आपल्या भाषेत जे काही ऐकू येई, ते सगळे उत्तर मागणारे असे.

अशा जागी काही माणसे पुस्तके घेऊन उभी असत. न्यूयॉर्क बायबल सोसायटी ही संस्था 1809 सालची. बंदरावर उतरणाऱ्यांना त्यांच्या भाषेतले बायबल किंवा नुसते शुभवर्तमान देणे हे तिच्या कामांपैकी एक होते. इटालियन, पोलिश, हंगेरियन, स्लोव्हाक, यिडिश, स्वीडिश अशा कितीतरी भाषांतल्या प्रती. बहुतेक पुस्तके छोटी, खिशात मावणारी.

या लोकांना दुसऱ्याच्या भाषेत पुस्तक देण्याची कल्पना कुठून आली, हे समजून घ्यायला हवे. वेल्समधली मेरी जोन्स नावाची पंधरा-सोळा वर्षांची विणकराची मुलगी सहा वर्षे पैसे साठवून 1800 साली वेल्श भाषेतले बायबल आणायला बाला गावी गेली. सुमारे 25 मैलांची चाल, आणि तीही अनवाणी, असे सांगतात. इंग्रजी बायबल तर तेव्हा छापखान्यांतून भरपूर निघत होते. पण ते तिच्या घरचे नव्हते. वेल्श प्रतींच्या या टंचाईची चर्चा होता होता 1804 मध्ये लंडनला ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी स्थापन झाली. या संस्थेने स्वतःला एक नियम घालून घेतला, तो मला फार मोलाचा वाटतो. ग्रंथ द्यायचा तो टीप न जोडता आणि भाष्य न जोडता. निरनिराळ्या पंथांची माणसे एकत्र काम करणार, तर प्रत्येकाचे भाष्य बाजूला ठेवलेच पाहिजे, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. पण त्यातून घेणाऱ्याचा फार मोठा फायदा झाला. पुस्तक त्याच्या हातात पडल्यावर अर्थ लावणारा तो एकटा उरला.

आता आपण लिथुआनियाच्या माणसाकडे पाहू. 1864 नंतर चाळीस वर्षे झारच्या राज्यात लिथुआनियन भाषा लॅटिन अक्षरांत छापायला बंदी होती. प्रार्थनेचे पुस्तकसुद्धा रशियन अक्षरांत छापा, असा हुकूम होता. लोकांनी ती पुस्तके हाती धरली नाहीत. ते प्रशियात छापलेली पुस्तके पोत्यांत आणि गवताच्या गाड्यांत लपवून सरहद्दीपलीकडून आणत. त्या भाषेत अशा पुस्तक-वाहकांना वेगळा शब्दच आहे. पकडले गेले की तुरुंग, नाही तर सैबेरिया. 1904 मध्ये ही बंदी उठली. त्याआधी ज्याने देश सोडला, त्याला अमेरिकेत पोचल्यावर कोणी उघड्यावर, शिपायाच्या डोळ्यांदेखत, त्याच्या अक्षरांत छापलेला ग्रंथ दिला असेल तर त्याला काय वाटले असेल? जे मायदेशी लपवावे लागत होते, ते परक्या धक्क्यावर उजळ माथ्याने हातात धरता येत होते. युक्रेनियन भाषेचेही तेच. 1876 च्या हुकमाने रशियन साम्राज्यात त्या भाषेतली छपाई जवळजवळ थांबली. तिचे पहिले संपूर्ण बायबल 1903 मध्ये छापले गेले ते व्हिएन्नात.

आता याची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी तुमच्याशी अप्रामाणिक राहीन.

1903 सालच्या ईस्टरच्या दिवशी किशिनेव्ह शहरात ज्यूंची कत्तल सुरू झाली. अशा दंगली 1881 पासून रशियाच्या साम्राज्यात होतच होत्या. घरे जळाली, माणसे मेली, आणि वाचलेल्यांनी अमेरिकेची वाट धरली. असे एक कुटुंब एलिस बेटावर उतरते. बापाच्या हातात कोणीतरी यिडिश भाषेतला नवा करार ठेवतो. अक्षरे त्याची, भाषा त्याच्या आईची. पण पुस्तक त्यांचे, ज्यांच्या सणाच्या दिवशी त्याच्या शेजाऱ्यांचा जीव गेला. देणाऱ्याचे मन स्वच्छ असेल. तरी घेणाऱ्याला असे वाटणारच की इथेही ती माणसे आपल्या पाठीमागे आली. त्यातच बेटावर कोण सरकारी माणूस आणि कोण धर्मप्रचारक, हे नुकत्याच उतरलेल्या माणसाला कसे कळावे? ज्यूंच्या मदतसंस्थांनी या वाटपाला हरकत घेतली. माझ्या मते ती हरकत पूर्णपणे रास्त होती.

मातृभाषा ही माणसाच्या घरात शिरण्याची सर्वांत सोपी वाट आहे. म्हणूनच त्या वाटेने जाणाऱ्याने उंबऱ्याबाहेर थांबून विचारले पाहिजे.

याचा धडा आपल्या मराठी माणसांनी अमेरिकेतल्या माणसांकडूनच, दोन्ही अंगांनी, घेतलेला आहे. गोपाळराव जोशी 1878 मध्ये कोल्हापुरात होते. पत्नी आनंदीबाईंना अमेरिकेत शिकायला पाठवता येईल का, अशी विचारणा त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे केली. ते पत्र अमेरिकेत रॉयल वाइल्डर यांच्याकडे गेले. उत्तराचा आशय असा की ख्रिस्ती झालात तर मदतीचा विचार करता येईल. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू' मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेल्या त्या मासिकात त्यांनी तो वाचला. घरी जाऊन त्यांनी या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. कसलीही अट न घालता. त्यांचा धर्मही ख्रिस्तीच होता. पुढे 1883 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी सांगितले की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. त्या गेल्या, कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या, 1886 मध्ये डॉक्टर झाल्या आणि शब्दाला जागल्या.

एकाच मासिकाच्या पानावर दोन ख्रिस्ती माणसे भेटतात. एकाने आधी अट ठेवली, दुसरीने आधी दार उघडले. धर्मग्रंथ देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावे की मी या दोघांपैकी कोण आहे.

एलिस बेटावरच्या एका वस्तूबद्दल मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. ती वस्तू म्हणजे एक छापील कार्ड. अमेरिकेत साक्षरतेची अट घालावी, अशी मागणी बरीच वर्षे चालली होती. दक्षिण इटली आणि पूर्व युरोपातून येणाऱ्या गरिबांना अडवणे हा तिचा हेतू होता. 1897 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी, 1913 मध्ये टाफ्ट यांनी आणि पुढे विल्सन यांनी दोनदा त्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. शेवटी 5 फेब्रुवारी 1917 रोजी काँग्रेसने विल्सन यांचा नकार डावलून कायदा केला. सोळा वर्षांवरील स्थलांतरिताने 30 ते 40 शब्दांचा मजकूर वाचून दाखवायचा, भाषा त्याच्या पसंतीची. मग इतक्या भाषांतला सारख्या तोलाचा, नीट तपासलेला मजकूर आणायचा कुठून? बऱ्याच कार्डांवर बायबलमधले उतारे छापले गेले, कारण विद्वानांनी इतक्या भाषांत उतरवलेले दुसरे पुस्तकच नव्हते.

तो क्षण डोळ्यांसमोर आणा. चोवीस-पंचवीस वर्षांचा शेतमजूर टेबलापाशी उभा आहे. समोरचा अधिकारी कार्ड पुढे करतो. अक्षरे त्याच्या गावची. शब्द कदाचित त्याने देवळात लहानपणापासून ऐकलेले. तो बोट ठेवून वाचतो. पहिल्या ओळीत अडखळतो, दुसऱ्या ओळीला आवाज सुटतो, कारण आता पुढचे त्याला पाठ आहे. जे आयुष्यभर दिलासा म्हणून ऐकले, ते आता दार उघडण्याची परीक्षा झाले आहे. वर्षभरापूर्वी याच बेटावर याच ओळी कोणी भेट म्हणून देत होता. मजकुरात काना-मात्रेचाही फरक नाही. फरक पडला तो समोरच्या माणसाला नाही म्हणता येते की नाही, एवढ्याच बाबतीत.

याच कायद्यात आणखी एक कलम होते. आशियाचा मोठा प्रदेश आखून तिथल्या मजुरांना सरसकट बंदी घातली गेली आणि त्या रेषेत आपला हिंदुस्थान आला. विद्यार्थी, धर्मोपदेशक, प्रवासी अशा थोड्यांना सूट होती. म्हणजे सातारा किंवा रत्नागिरीचा एखादा कष्टकरी अख्खी ज्ञानेश्वरी वाचून दाखवू शकत असता, तरी त्याच्यासाठी ते टेबल नव्हते. 1946 मध्ये भारतीयांसाठी वर्षाला 100 जागांची फट उघडली आणि खरे दार 1965 च्या कायद्याने उघडले. आज न्यू जर्सीत ज्यांच्या घरी हरिपाठ होतो, त्यांनी हा इतिहास विसरू नये असे मला मनापासून वाटते.

माणसे गाव सोडून जाताना ग्रंथ बरोबर नेतात, याची आपल्याकडची एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला. तिथल्या ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणे त्यांच्या हातून गेली होती. त्यांच्यासाठी त्याने मराठीत, ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले. ते 1616 मध्ये राशोल इथे छापले गेले. पुढे पोर्तुगीजांनी 1684 मध्ये स्थानिक भाषेवर बंदीचे फर्मान काढले. क्रिस्तपुराणाच्या त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. मग ग्रंथ टिकला कसा? गोवा सोडून दक्षिणेला कानडी मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हातलिखित प्रती बरोबर नेल्या, नकलून काढल्या, घरोघर वाचल्या. 1907 मध्ये जोसेफ सालढाणा यांनी तो ग्रंथ पुन्हा छापला तो मंगळूरला. गोव्यात लिहिलेला मराठी ग्रंथ स्थलांतरितांनी कर्नाटकात जगवला.

आपल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, बांधवांचेही असेच. वल्हांडण सणाचा हगादा हा त्यांचा विधिग्रंथ मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात छापला गेला. पुण्याच्या प्रतीत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायांची चित्रे आहेत. त्या बाया साड्या नेसलेल्या आहेत. मिसर देशातून सुटून निघालेल्या लोकांची कथा कोकणात तेल गाळणाऱ्या या बांधवांच्या घरात मराठीत वाचली जाई. 1948 नंतर यांतली बरीच कुटुंबे इस्रायलला गेली, तेव्हा तिथल्या हिब्रूच्या देशात मराठी ही त्यांची घरातली, आठवणींची भाषा झाली.

भाषा म्हणताना मात्र आपण कोणती भाषा म्हणतो, हाही प्रश्न आहे. पंडिता रमाबाईंनी तो जितका मनावर घेतला तितका फार थोड्यांनी घेतला असेल. मराठी बायबल त्यांच्या आधी शंभर वर्षे होते. पण त्यातले मराठी जड, संस्कृत शब्दांनी भरलेले होते. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांच्याजवळ दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली होत्या. 1897 मध्ये मध्य प्रांतातून, 1900 मध्ये गुजरातेतून आलेल्या. या मुलींना आणि खेड्यातल्या बाईला ते पुस्तक कळत नव्हते. संस्कृतवर ज्यांचे एवढे प्रभुत्व की कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली, त्या बाईने संस्कृत बाजूला ठेवले. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षे सोप्या मराठीतल्या भाषांतराला दिली. आणि हे काम त्यांनी कोणा शहरातल्या छापखान्यावर सोपवले नाही. सदनातल्या मुलीच खिळे जुळवत, मुलीच छापत. ज्या मुलीला काही वर्षांपूर्वी भाकरीचा तुकडा मिळत नव्हता, ती शिशाची अक्षरे उलटी वाचून ओळ भरत होती. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. 1924 मध्ये संपूर्ण ग्रंथ बाहेर आला.

रमाबाईंच्या धर्मांतरावर महाराष्ट्राने पुष्कळ वाद घातला. त्यांच्या या मराठीबद्दल मात्र फारसे बोलले गेले नाही, आणि हा आपल्यावरचा डाग आहे असे मी मानतो. ज्ञानदेवांनी 1290 मध्ये गीता मराठीत आणली ती ज्यांना संस्कृत येत नव्हते त्यांच्यासाठी. पैठणच्या नाथांनी भागवत मराठीत लिहिले आणि ते काशीत, परमुलखात, 1573 मध्ये पुरे केले. ज्ञानदेव आणि नाथ ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने केडगावची ही बाई चालली.

आता शेवटचे, आणि ते इथल्या तुमच्या-माझ्याबद्दल.

आपल्या तालुक्यात आज स्थलांतरित कोण आहे? औद्योगिक वसाहतीत ओडिया आणि बिहारी मुले आहेत. बांधकामावर बंगाली मुसलमान आहेत. वीटभट्टीवर, सोसायटीच्या फाटकावर नेपाळी माणूस आहे. मागांवर तेलुगू कुटुंबांची तिसरी पिढी आहे. ते आजारी पडून सरकारी दवाखान्यात झोपतात, त्यांच्या घरी मरण येते, त्यांचे सण येतात. आपण त्यांना मराठी शिका म्हणतो. ते म्हटलेच पाहिजे. मी स्वतः त्यांच्या मुलांना मराठी शिकवली आहे. पण ओडिया जगन्नाथदासाचे भागवत, तुलसीदासाचे रामचरितमानस, बंगाली भाषांतर असलेले कुराण, नेपाळी भानुभक्ताचे रामायण यांतले एकही पुस्तक आपल्या वाचनालयात नाही. गेल्या आठवड्यात मी कपाटे पाहून खात्री करून घेतली. आणि गुरुजींनी आणलेले तेलुगू भागवत तर त्या घरी गेले, ते गेलेच.

माझी कार्यकारिणीला विनंती आहे. या व्याख्यानाचे जे मानधन आपण मला देणार आहात, ते मी घेणार नाही. त्या रकमेतून या चार भाषांतली पुस्तके मागवावीत. ज्याचा ग्रंथ जो, तोच त्याला द्यावा, आपला नव्हे. बरोबर पत्रक जोडू नये, देणगीदाराचे नावही छापू नये. कोणाला नको असेल तर पुन्हा विचारू नये. सभासद-शुल्काची अट या कपाटाला लावू नये, कारण वीटभट्टीवरचा माणूस सहा महिन्यांनी पुढच्या गावाला जाईल आणि पुस्तक बरोबर नेईल. ते नेऊ द्यावे. आणि उद्यापासून खिडकीवर जो कोणी बसेल, त्याने नाव-पत्ता लिहिण्याआधी घरी कोणती भाषा बोलता, हे विचारावे.